खाणीच्या वाटेवरचा दोर

बोरओढ्यात कशाचाही लिलाव होतो. आठवडे बाजाराची वसुली, गायरानातलं गवत, रस्त्याकडच्या चिंचा, जत्रेतला मानाचा नारळ. उन्हं तापायला लागली की मारुतीच्या देवळापुढं गाव जमतं. ग्रामसेवक, म्हणजे गावाच्या तोंडी भाऊसाहेब, शर्ती वाचून दाखवतो. बोली लागते, आणि जास्त बोलेल त्याच्या गळ्यात वर्षाचा ठेका पडतो. दर ठरवायची एवढी एकच रीत गावाला ठाऊक. म्हणून घाणीचा दर ठरवायची वेळ आली तेव्हा गावानं घाणीचाही लिलाव केला.

घाण मिरजगावकडच्या हायवेवरून यायची. धाबे, लॉज, मंगल कार्यालयं यांचे संडासचे खड्डे उपसणारे टँकर. बोरओढ्याच्या वरच्या अंगाला खडीक्रशरची बंद पडलेली खाण आहे. अंधार पडला की टँकर यायचे, खाणीत नळी सोडायचे आणि लाईट न लावता पळायचे. खाणीच्या खाली उतारावर भीमनगर. भीमनगरच्या मधोमध विहीर.

ही विहीर कुणी दान दिलेली नाही. गावच्या विहिरीवर भीमनगरच्या बायांना वरून पाणी वाढलं जायचं, तेही कुणाची मर्जी असेल तर. बाहत्तरच्या दुष्काळात ह्या लोकांनी दिवसभर सरकारी कामावर खडी फोडली आणि तिकडून आल्यावर स्वतःची विहीर खोदली. भिमाबाई तेव्हा नवी नवरी होती. मुरमाच्या पाट्या वाहून तिच्या टाळूवरचे केस गेले, ते परत आले नाहीत. म्हातारी पदर सरकवून ती जागा अजून दाखवते.

त्या विहिरीच्या पाण्याला वास यायला लागला. भिमाबाईची सून जयमाला पंचायतीत सदस्य. तिनं तालुक्याला अर्ज केला. वरून हुकूम आला, की टँकरवर नियंत्रण ठेवा, परवाना द्या, परवान्याची फी ठरवा. जयमालाला वाटलं, जिंकलो. हुकूम वाचणाऱ्याला असंच वाटतं. हुकूम राबवणारे वेगळे असतात.

ग्रामसभेत सरपंच गहिनीनाथआण्णांनी विचारलं, "बोला, फी किती ठेवायची?"

"एवढी ठेवा का एकबी गाडी वर चढली न्हाई पायजे," जयमाला म्हणाली.

"मंग फी कशाला? कुत्री बांदा की!" मागून कोणीतरी म्हणालं आणि सभा हसली.

"ताई, फी म्हंजे दंड न्हाई," आण्णा म्हणाले. "गाडीच आली न्हाई तर पंचायतीला काय घावनार?"

"अन् आमच्या हिरीला काय घावनार?"

"भाऊसाहेब, कांद्याच्या टेम्पोला बाजारात किती घेतो आपुन?"

तुषार भाऊसाहेबांनी आकडा सांगितला.

"तेवढीच ठेवा. गाडी ती गाडीच."

झालं. खाणीत किती मावतं, खाली किती झिरपतं, हे बाकी कुणी विचारलं नाही. जिनं विचारलं तिला उत्तर मिळालं नाही. कांद्याची फी मैल्याला लागली आणि गाव पुढच्या विषयाला लागलं. पुढचा विषय, वसुली कोण करणार. त्यालाही उत्तर तयार होतं. लिलाव.

तुषार भाऊसाहेब नवा होता, तालुक्याहून मोटारसायकलवर यायचा. त्यानं बाजाराच्या ठेक्याच्या शर्ती घेतल्या आणि जिथं 'बाजार' होतं तिथं 'खाण' केलं. देवळापुढं उभा राहून त्या मोठ्यानं वाचल्या. "शर्त पाचवी. फी भरणाऱ्या कोणाही इसमास ठेकेदार नाकारणार नाही. नाकारल्यास अनामत जप्त आणि ठेका दुसऱ्या नंबरच्या बोलीदारास."

ही पाचवी शर्त भिमाबाईची. तरणी असताना ती बाजारात शेपू-मेथी घेऊन बसायची. तेव्हाच्या ठेकेदारानं तिची पाटी लाथेनं उधळली होती. तुमच्या हातची भाजी कोण खाईल, म्हणाला. भिमाबाई उधळलेली भाजी पाटीत भरून थेट तालुक्याला, कर्जतला गेली आणि कचेरीच्या दारात बसली. भाजी सुकली, सडली, तिला माश्या लागल्या, ही उठली नाही. तेव्हा ही शर्त लागली. तेव्हापासून दरसाल शर्ती वाचताना पाचवी आली की भीमनगरच्या बाया कान देऊन ऐकतात. ह्या साली खाणीसाठी वाचली तेव्हाही भिमाबाई ताठ बसली. आपली शर्त आहे, अजून आहे, एवढंच तिच्या मनात आलं. जयमालाच्याही दुसरं काही मनात आलं नाही.

ठेका वैजनाथनं घेतला. बाजाराचा ठेकाही त्याचाच. माणूस गोड बोलणारा, मांजरासारखा.

वैजनाथनं खाणीच्या वाटेवर दोर बांधला, पत्र्याची टपरी टाकली आणि हायवेवर फ्लेक्स लावला. 'अधिकृत परवाना. मैला टँकर. कधीही या.' खाली मोबाईल नंबर. आधी चोरून येणारे टँकर आता दिवसाउजेडी येऊ लागले, लायनीत, पावती घेऊन. जामखेडकडचे आले, श्रीगोंद्याकडचे आले. प्रत्येक गाडीमागं वैजनाथला पैसा, मग तो कशाला थांबवतोय? जी फी गाड्या अडवायला मागितली होती तिनं गाड्यांना आवतण दिलं.

पावसाळ्याआधीच विहिरीवर फेस दिसायला लागला. वस्तीत हगवण सुरू झाली. रतनबाईचा नातू नगरच्या दवाखान्यात सलाईनवर पडला, तो वाचला पण नुसता काडी होऊन परत आला. आरोग्य खात्याचा माणूस बाटलीत पाणी घेऊन गेला आणि महिन्यानं येऊन विहिरीच्या कठड्यावर लाल रंगानं लिहून गेला, 'पिण्यास अयोग्य'. भीमनगर जारचं पाणी विकत घ्यायला लागलं. भिमाबाई मात्र त्या लाल अक्षरांना पाठ करून कठड्यावर बसायची.

जयमाला आण्णांकडं गेली.

"अगं, तुज्याच अर्जावर तर झालं हे समदं," आण्णा म्हणाले. "आदी बेकायदा हुतं, आता कायदेशीर हाय. पावती मिळती."

"भाऊसाहेब, फी तरी वाढवा."

"चालू ठेक्यात वाढवता येत नाही, ताई. वैजनाथराव कोर्टात जातील."

"अन् आमी कुठं जायाचं?"

भाऊसाहेबांनी मोबाईल काढला आणि त्यात बघत बसले.

वर्ष असंच गेलं. पुढच्या लिलावाच्या आधी भिमाबाईनं वस्ती विहारात गोळा केली.

"ठेका आपुन घ्यायचा," ती म्हणाली.

"आत्या, काय बोलताय?" जयमाला दचकली. "घाणीचा ठेका?"

"घाणीचा न्हाई, दोराचा. दोर ज्याच्या हातात, वाट त्याच्या हातात. आपुन बांदायचा अन् सोडायचाच न्हाई. बगू कोन येतंय वर."

"पैका कुटनं आनायचा, भिमाकाकू?" रतनबाईनं विचारलं.

"जयंतीची वर्गणी हाय की."

जयंतीची वर्गणी म्हणजे भीमनगरचा वर्षाचा श्वास. पुण्याला कंपनीत असलेली पोरं पाठवतात, ऊसतोडीला गेलेली देतात, मोलमजुरीची बाई पदराच्या गाठीतून देते. मिरवणूक, रोषणाई, जेवण.

"बाबासाहेबांनी पान्यासाठी चवदार तळं गाठलं," म्हातारी म्हणाली. "अन् तुमी त्येंच्या जयंतीला डीजे लावून नाचनार, हीर सडून गेल्यावर? लाज वाटू द्या."

वर्गणी निघाली. काहींनी पदरचे वर घातले. लिलावात वैजनाथनं बोली चढवत नेली. भीमनगर बोललं की तो एक पायरी वर, परत भीमनगर, परत तो. शेवटी हसून गप्प बसला. त्याच्या त्या हसण्याकडं कुणी बघितलं नाही. शर्ती वाचून झाल्या होत्या. पाचवीही वाचली होती. सगळ्यांनी ऐकली होती.

दुसऱ्या दिवशी भिमाबाईनं स्वतः दोर बांधला. एका बाजूला लिंबाला, एका बाजूला टपरीच्या खांबाला. बाज टाकून वाटेत बसली. पहिला टँकर आला. ड्रायव्हर सचिन, हायवेवरचाच पोरगा, खिडकीतून पैसे पुढं करत म्हणाला, "आज्जी, पावती."

"पावती न्हाई अन् वाट बी न्हाई. माघारी वळव."

"पैसे देतोय की, आज्जी!"

"तुज्या पैशाचं पानी पिऊ व्हय मी?"

टँकर माघारी वळला. त्याच्या मागचाही वळला. वाटेच्या दोन्ही बाजूंनी भीमनगर उभं होतं. पोरांनी शिट्ट्या मारल्या. रतनबाई रडली. त्या संध्याकाळी बाया विहिरीवर जमल्या आणि यंदा गाळ काढायचा, दोनदा उपसायची, मग बघू, असं बोलत बसल्या.

दोनच दिवसांत मोटारसायकलवर तुषार भाऊसाहेब आला. मागं आण्णांची जीप, जीपमध्ये वैजनाथ.

"ताई, तक्रार आलीय," भाऊसाहेब जयमालाला म्हणाला. त्याला तिच्याकडं बघवत नव्हतं. "शर्त पाचवी."

जयमालाला लगेच कळलं. भिमाबाईला कळायला थोडा वेळ लागला.

"ती शर्त तर बाजाराची हाय," म्हातारी म्हणाली. "मान्साला नाकारू नये म्हनून. मानूस, भाऊसाहेब! हगलेलं न्हाई!"

"आजी, शर्तीत इसम आहे. ड्रायव्हर इसम आहे."

"मग हिथली शर्त येगळी करा," जयमाला म्हणाली.

"दोन्ही ठेक्यांच्या शर्तींचा नमुना एकच मंजूर आहे. ठरावच तसा झालाय."

आण्णा जीपमधून उतरले. आवाज अगदी मायेचा. "भिमामावशी, जीवाला लावून घ्यू नका. यातनं वाट हाय. उद्या सभा बोलावतो. पाचवी शर्तच काडून टाकू. मंग तुमाला वाटंल त्याला नाकारा. तुमचं तुमी मालक."

"काडाच," वैजनाथ जीपमधूनच म्हणाला. "माजी काय बी हरकत न्हाई."

"बाजारातनं बी निघंल?" भिमाबाईनं विचारलं.

"नमुना एकच म्हटल्यावर..." आण्णांनी हात पसरले.

जयमालानं म्हातारीचा दंड धरला. "आत्या, काडू द्या. आता कोन नाकारतंय बाजारात? दिवस बदलले. हीर वाचंल."

"दिवस बदलले?" भिमाबाई जीपकडं बघत म्हणाली. "ह्याचं त्वांड बग. कसा हसतोय बग. बाजार ह्याच्याच हातात हाय. रतनीची सून कुटं बसती भाजी घिऊन? चौकात, मोक्याच्या जागी. शर्त गेली का पयल्या बाजारी हिला उकिरड्याकडंला बसवतील. दुसऱ्या बाजारी तितनं बी उटवतील."

"अन् न्हाई काडली तर हीर जाती, आत्या."

"कळतंय मला."

"ठेका सोडून द्यू मग."

"अन् ह्येला द्यू? जयंतीची वर्गणी बुडवून, वर ह्येलाच द्यू?"

वाटेवर सचिनचा टँकर येऊन उभा होता. इंजिन चालू. वास सगळ्यांच्या नाकात भरला होता, पण आण्णांनीही रुमाल लावला नाही. सगळे म्हातारीकडं बघत होते. गावानं दोन चांगल्या गोष्टी एका तराजूत टाकून तिच्या हातात दिल्या होत्या. दोन्ही तिनंच कमावलेल्या. एक डोक्यावर मुरूम वाहून, एक सडकी भाजी घेऊन कचेरीत बसून. आणि विचारत होते, ह्यातली कुठली टाकतेस? टाकायला लावणारे मात्र हात झाडून मोकळे. त्यांच्या घरात फिल्टर आहे.

भिमाबाई बाजेवरून उठली. कुणाला धरू दिलं नाही. लिंबापाशी गेली. गाठ तिनंच आवळलेली, सुटता सुटेना. दातांनी ओढून सोडली. दोर खाली पडला.

"शर्त ऱ्हाईल," ती म्हणाली. "जयमाले, पावती फाड."

जयमाला टपरीत गेली. पावतीपुस्तक बाजाराचंच होतं. मालाचा प्रकार म्हणून छापलेलं, भाजी, धान्य, कांदा, जनावर. तिनं पेन धरलं आणि तशीच उभी राहिली.

"काय लिहू, भाऊसाहेब?"

"काहीपण लिहा ताई," भाऊसाहेब पुटपुटला. "चालतं."

तिनं ती जागा कोरी सोडली. सचिननं पैसे तिच्या हातात न देता टेबलावर ठेवले, मान खाली घालून गाडीत चढला. टँकर दोरावरून वर गेला. थोड्या वेळानं खाणीत नळी सुटल्याचा आवाज आला. भीमनगरातल्या बाया दारात उभ्या राहून तो ऐकत होत्या. एकीनंही शिवी दिली नाही. शिव्या आल्या असत्या तर बरं झालं असतं.

जीप निघून गेली. भिमाबाई दोर परत बांधायला वाकली. टँकर रिकामा होऊन खाली उतरताना त्याच्या चाकाचं काहीतरी दोराला लागलं होतं. तिनं ते लुगड्याच्या पदरानं पुसलं आणि गाठ मारायला लागली. गाठ पुरी बसायच्या आत खालच्या वळणावर दुसऱ्या गाडीचा हॉर्न वाजला.