एल्मरची निळी गाडी

राजरत्नला ती गाडी फोटोतच आवडली होती. साठच्या दशकातल्या इंग्लिश स्पोर्ट्स कारची हुबेहूब नक्कल. निळी, बिनछपराची, दोनच सीटची. वॉटर्लू शहराबाहेर शेतावर राहणाऱ्या एल्मर नावाच्या निवृत्त शिक्षकाने ती आपल्या गराजमध्ये स्वतः बांधली होती आणि आता विकायला काढली होती.

"विंटरमध्ये ठेवणार कुठे?" किचनरमधल्या घरातून निघाल्यापासून त्याच्या बायकोचं, मृणालचं, चालू होतं. "आणि कुणीतरी घरी जोडलेली गाडी, राज! तू सॉफ्टवेअरवाला. तुला त्यातलं काय कळतं?"

"बघून तर येऊ," राजरत्न म्हणाला.

२०१७च्या सप्टेंबरातला शनिवार होता. एल्मर अंगणातच उभा होता, सत्तरीपुढचा, उंच, मृदू बोलणारा. त्याने बॉनेट उघडून सगळं दाखवलं. दरवाजे मनासारखे बसेपर्यंत तीनदा नव्याने केले होते म्हणे.

"मग विकता कशाला?" मृणालने विचारलं.

"बायको गेली. शेजारची सीट रिकामी ठेवून फिरवायला नको वाटतं." मग किल्ली पुढे करून म्हणाला, "दोघं जाऊन या."

मृणाल निमूटपणे बसली. शेतांमधल्या रस्त्यावर गाडी लागली तशी ती केस सावरत हसायलाही लागली. तेवढ्यात वळण आलं. राजरत्नने स्टीअरिंग वळवलं. ते वळलं, आणखी वळलं, गरगर फिरलं. चाकं मात्र सरळच जात राहिली.

"राज, वळव ना!"

"वळवतोय!"

त्याने जिवाच्या आकांताने ब्रेक दाबला. गाडी रस्ता सोडून उभ्या मक्यात घुसली, कणसं काचेवर बडवली गेली आणि इंजिन बंद पडलं. मृणालने त्याचा दंड इतका घट्ट धरला होता की तिची बोटं तिलाच सोडवता येईनात. ज्या बाजूला ते वळणार होते, तिकडून एक ट्रक भरधाव निघून गेला.

ते चालत परतले. राजरत्नच्या तोंडात शिव्या तयार होत्या. एल्मर ऐकूनच पांढराफटक पडला. तो मक्यापर्यंत धावत गेला, डॅशबोर्डखाली आडवा झाला आणि हळूच म्हणाला, "स्टीअरिंगच्या जोडाचा बोल्टच नाही. नुसता अडकून होता, वळणावर निसटला."

"नाही म्हणजे?" राजरत्न ओरडला. "माझी बायको बसली होती त्यात!"

"काल मीच काढला होता. ग्रीस लावायला. पण परत बसवला. घट्ट बसवला, मला चांगलं आठवतंय."

तिघं गराजमध्ये आले. कामाच्या टेबलावर स्वच्छ फडक्यावर तो बोल्ट पडला होता. शेजारी त्याचा नट.

एल्मरने तो उचलला नाही. बघतच राहिला. "मला आठवतंय," तो म्हणाला. "पाना हातात धरलेला आठवतोय." मग त्याचा आवाज अगदी खाली गेला. "उद्या नातीला फिरवून आणणार होतो."

मृणालनेच खुर्ची ओढून त्याला बसवलं.

"असं आधी कधी झालं होतं?" तिने विचारलं.

"शेगडी चालू राहिली होती. दोनदा." तो जमिनीकडे बघत होता. "मला वाटलं, एकटा माणूस, दमत असेन."

मरता मरता वाचल्याचा धक्का राजरत्नला होताच. पण आपल्या डोळ्यांदेखत एका माणसाला स्वतःबद्दल हे कळावं, हे त्याहून भयंकर होतं. मृणालने ग्वेल्फला राहणाऱ्या एल्मरच्या मुलीला फोन लावला आणि ती येईपर्यंत दोघं तिथेच बसले. परतताना त्यांची स्वतःची गाडी मृणालने चालवली.

ऑक्टोबरात एल्मरच्या मुलीचा फोन आला. डॉक्टरांनी स्मृतिभ्रंशाची सुरुवात सांगितली होती. "बाबा म्हणतात गाडी तुम्हालाच द्यायची. पण आधी प्रत्येक जोड दुसऱ्या कुणाकडून तपासून. घ्याल?"

राजरत्नने मृणालकडे पाहिलं.

"तू ठरव," ती म्हणाली. "मी नाही म्हणणार नाही."

मग तो फोनवर म्हणाला, "नाही. त्यात बसायची हिंमतच होणार नाही माझी." आणि एल्मरची मुलगी फोन ठेवणार तोच घाईने म्हणाला, "पण शनिवारी त्यांना भेटायला आलो तर चालेल?"