पाकिटातली तूर

"बाबा, हे तूच फेकलं होतं नं?"

निकीनं ओच्यातली पाकिटं माह्यापुढं ओतली अन् कमरेवर हात ठेवून उभी राह्यली. बारा वर्षांची पोट्टी, पण उभी अशी राह्यते का वाटते तालुक्यावरून साहेब चौकशीले आला.

मी कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या मोडत बसलो होतो. चुलीत घालाले दुसरं काही उरलंच नव्हतं. पाह्यलं तं चपटी पाकिटं, तीस-बत्तीस असतील, दोनचार उंदरानं कुरतडलेली. गोठ्याच्या माळ्यावर सापडली म्हणे. आत लाल रंग लावलेले तुरीचे दाणे.

"मीच फेकलं," म्हटलं. "मंग? फाशी देते का?"

आता तुमच्यापाशी कायले लपवू? कापसाच्या बियाण्याची थैली घेतली का तिच्यासंगं हे तुरीचं पाकीट फुकट येत होतं. कृषीवाला साहेब दरसाल गावात येऊन सांगे, का बाबाहो, कापसाच्या चारी बाजूनं हे लावा, बोंडअळीले आवर राहीन. आम्ही माना हालवत होतो, साहेबाले चहा पाजत होतो, अन् साहेबाची गाडी फाट्यावर पोचली का पाकीट माळ्यावर. कोणता शहाणा माणूस कापसाची जागा तुरीले देईन? अन् आम्ही तं सारेच शहाणे. गावात एकानं जरी लावलं असन, तं मी मिशा उतरवतो.

त्या शहाण्याइच्या गावात आता तीन माणसं उरलो, मी, निकी अन् म्हातारे पुंडलिकराव. आधी तो ताप आला, निकीची माय त्यातच गेली. मंग करंट गेला, मोबाईल गेले, दुकानं रिकामी झाली. मंग पाऊसही गेला, त्याले आता दोन सालं झाले. वाचलेले लोकं गाठोडी डोक्यावर घेऊन निघाले. कोणी म्हणे नागपुरात अजून सरकार हाये, कोणी म्हणे उमरखेडकडं नदीत पाणी हाये. खरं काय ते सांगाले कोणी परत आलं नाही. निकी तवा परत तापानं फणफणत होती, तिले उचलून किती कोस नेऊ? राह्यलो इथंच.

अन् जग बुडालं तवा माह्या घरात काय होतं? कापूस! तीन खोल्या, आढ्यापर्यंत. भाव येईन म्हणून ठेवला होता. भाव नाही आला, घेणारेही गेले. पांढरं सोनं म्हणे! खा आता तोंड भरून. साऱ्या जिल्ह्यानं कापूस पेरला अन् पीठ दुकानातून आणलं, इतकं डोकं आम्हाले देवानं देल्लं होतं.

कोठीत ज्वारी होती. एका टायमाले अर्धी भाकर धरली तं दिवाळीपर्यंत पुरली असती. पण नुसत्या भाकरीवर पोट्टी सुकत चालली होती. केस हातात येत होते, पायावर सूज. सालभर तिनं वरण पाह्यलं नव्हतं. अन् माह्यापुढं दोन शेर तूर पडली होती!

मी उठलो, पितळी गंजात दाणे ओतले अन् धुवाले बसलो. पाणी लालभडक झालं.

"बाबा, काय करून राह्यला?"

"वरण करून राह्यलो. तीनदा धुतो, दोनदा उकळतो. रंग हाये वरचा, निघून जाईन."

तिनं पाकीट डोळ्याजवळ धरलं अन् शाळेतल्यासारखं वाचलं, "औषध लावलेले बियाणे. विषारी. खाण्यासाठी वापरू नये." खाली कवटी काढली होती, तीही दाखवली.

"छापलेल्या गोष्टी मी जन्मात ऐकल्या नाही."

"म्हणून तं हे दिवस आले!"

मी पाणी बदललं अन् म्हटलं, "हे पाह्य, आधी मी खातो. उद्या सकायपर्यंत मले काही नाही झालं तं तू खाजो."

"अन् झालं तं?"

"मंग नको खाजो. त्यात काय एवढं?"

निकीनं गंज उचलला अन् चुलीवर पालथा केला. विस्तव विझला, धूर झाला, लाल दाणे राखेत गेले. माह्या हातून तिच्या पाठीत धपाटा बसणारच होता, पण पोट्टी रडून राह्यली होती.

"माय गेली तवा मी तापात होती, मले तिले पाहालेही भेटलं नाही," ती म्हणे. "आता तुले मरताना पाहू का? तू गेला तं मी कोणासंगं राहू? त्या पुंडलिक आबाजीसंगं? लाव ते वावरात. साहेब सांगे तसं लाव एकदा!"

मलेही रडू आलं. धुराचं नाव करून डोळे पुसले. मंग आम्ही दोघंही राखेतून एक एक दाणा येचत बसलो. माह्या आयुष्यात मी एकच शहाणपणाचं काम केलं होतं, अन् तेही ते पाकीट माळ्यावर फेकून.

पण पाऊस नाही तं लावावं कशाच्या भरवशावर? पाणी होतं एकाच ठिकाणी, पुंडलिकरावाच्या दारातल्या हापशीले. हे पुंडलिकराव म्हणजे गावातल्या कृषी केंद्राचे मालक. थैल्या आम्ही त्याइच्याच दुकानातून आणत होतो. आता हापशीले साखळी-कुलूप, चाबी करदोड्याले, अन् पुढं प्लास्टिकच्या खुर्चीवर हे. माणशी एक गुंड, म्हणजे घागरभर पाणी. नियम म्हणजे नियम, जसं काही मागं लाईनच लागली हाये.

"या सुनीलभाऊ. काय काम काढलं?"

"चार गुंड पाणी जास्तीचं पाह्यजे. तूर लावतो म्हणतो."

"कोणाच्या वावरात?"

"तुमच्याच. माह्यं वावर कोसभर दूर. पाणी नेता नेता मीच वाळून जाईन."

"मंग बटई लागन. अर्धी माही."

"तीन माणसं उरलो वो आपण!"

"सातबारा माह्या नावानं हाये."

"दाखवता कोणाले? रोह्याइले?"

रोही मात्र गावात मोप झाले होते. नीलगाईच त्या, घोड्याएवढे जनावरं, भर दुपारी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसून रवंथ करत. मी तोंड उघडणार, तेवढ्यात निकी म्हणे, "देऊ आबाजी, अर्धी तुमची. पण रोही हाकलायचं काम तुमचं. खुर्ची इथं ठेवून कायले बसता? वावरात टाका."

पुंडलिकरावानं विचार केला. दोन सालापासून त्याइले कोणी काम सांगितलं नव्हतं. "पोट्टी हुशार हाये," म्हणे. "तुमच्यावर नाही गेली."

दुसऱ्याच दिवशी तूर टोबाले लागलो. काळी माती अशी भेगाळली होती का निकीचा हात कोपरापर्यंत आत जाये. मी ढेकळं फोडून काडीनं भोक पाडत होतो, ती दोन दाणे टाकत होती, वरून वाटीभर पाणी. ऊन डोक्यावर, खाली चटके. पुंडलिकराव कापसाची गादी घालून खुर्चीवर, हातात काठी.

पाच दिवस झाले, काही नाही. सात दिवस झाले, काही नाही. मी बोटानं माती उकरून पाहो अन् निकी माह्या हातावर चापट मारे. रातच्याले ती झोपेत पाय चोळत होती, अन् मले वाटे, वरणच घातलं असतं तं बरं झालं असतं का?

आठव्या दिवशी पुंडलिकराव म्हणे, "बियाणं बोगस निघालं."

"दुकान तुमचंच होतं नं?"

"पावती हाये?"

दहाव्या दिवशी निकी वावरातून बोंबलली. मी धावलो तं पायातली चप्पल मागंच राह्यली. ढेकळाच्या आडून एक कोंब, मान वाकवून वर आलेला. दोन दिवसात एकोणीस झाले. दोन शेरातून एकोणीस! पण जित्ते, हिरवे. निकी त्याइच्यापुढं पालथी झोपून पाहत होती. मीही तिच्या बाजूले पालथा झालो.

पुंडलिकराव खुर्चीवरून उठले. मोजत गेले, मोजत आले.

"एकोणीस. साडेनऊ माह्ये."

"साडेनऊ कसे करता वो? कोंब चिरता का?"

त्याइनं काठीनं मधातून सरळ रेघ ओढली. "हा धुरा, वावराचा बांध. इकडचे नऊ माह्ये, तिकडचे नऊ तुमचे."

"अन् हा?"

एकोणिसावा नेमका रेघेवर उभा होता.

"तो माह्या बाजूनं कलला हाये."

"उन्हाकडं कलला हाये तो! तुमच्याकडं कायले कलन?"

"मी मारेगावले जाईन! तहसीलातून मोजणी आणीन!"

"जा नं! यष्टी लागलीच असन फाट्यावर!"

"तोंड सांभाळून बोल, सुनील!"

"वावर तुमचं असन, तोंड माह्यं हाये!"

आमच्या आवाजानं ओट्यावरचे रोही उठून पळाले. निकी दोघाइच्या मधात बसून पोट धरून हसत होती. माय गेल्यापासून पोट्टी हसली नव्हती. हसता हसताच तिनं त्या एकोणिसाव्याले वाटीभर पाणी घातलं, अन् पुंडलिकराव ओरडले, "माह्या हिश्शाचं पाणी हाये ते!"

मले लय बरं वाटलं. धुऱ्यावरून भांडण लागलं होतं, म्हणजे गाव अजून मेलं नव्हतं. मी घसा साफ केला, बाह्या वर केल्या अन् म्हटलं, "पुंडलिकराव, तुमच्या बापानंही असाच धुरा कोरला होता!"