मंगळवारी समुद्र बंद

तुमचा विश्वास बसणार नाही, बसावा असा माझा आग्रहही नाही; पण अख्ख्या अनोमाबूच्या किनाऱ्यावर पहिला व्हिडिओ गेम बनवला तो माझ्या घराने, आणि त्या गेमने राजधानीतल्या, अक्राच्या, एका साहेबाला गळ्यापर्यंत बुडवलं.

हसताय? हसा. आज मंगळवार, होड्या वाळूवर आहेत. जाळी शिवता शिवता ऐका.

माझी मुलगी अराबा बाजारात मोबाईल दुरुस्त करते. गेमचं सगळं लिखाण तिचं. होड्या रंगवल्या नातीने, एसीने. समुद्र माझा, लाट कुठे उभी राहते, जाळं कुठे फाटतं, ते पोरींना काय ठाऊक? आणि वादळ माझ्या बायकोचं. ती भट्टीवर मासे धुरीवर सुकवत होती. मी जाऊन एवढंच म्हणालो, "एफुआ, करपले वाटतं!" पुढचं अराबाने रेकॉर्ड केलं. त्या वादळात आजवर एकही होडी तरलेली नाही.

गेममध्ये सहा दिवस मासे धरायचे. मंगळवारी समुद्राला सुट्टी, आपल्यासारखीच. त्या दिवशी फक्त जाळं शिवायचं. नाही शिवलं, तर बुधवारी मासे भोकातून पसार.

मग अडोमाको साहेब आले. त्यांची कंपनी गेम देशभर पोचवणार होती. अराबाची तीन वर्षं त्यात गेलेली.

"सगळं झकास," साहेब म्हणाले, "फक्त तो मंगळवार काढा. एक दिवस मासे नाहीत म्हटल्यावर लोक दुसरा गेम उघडतील."

"आमच्याकडे मंगळवारी कुणी समुद्रावर जात नाही, साहेब."

"अहो बाई, फोनमधल्या समुद्राला कसली सुट्टी?"

अराबाचा चेहरा उतरला. कागद समोर, पेन हातात. मी आपला जाळ्याच्या गाठी मारत राहिलो; गेम तिचा, सही तिची. एसी मात्र आईच्या कानाशी लागली, "आई, मग मासे कधी झोपणार?"

अराबाने पेन खाली ठेवलं. "मंगळवारासकट घ्या, नाहीतर राहू द्या."

"मग बसा गावातच खेळत!"

"बसू की. आमच्या गावाला काय झालंय?"

तेव्हापासून दुकानात आलेला प्रत्येक फोन दुरुस्त होऊन जातो तो गेम घेऊनच. विन्नेबापासून एल्मिनापर्यंत तो कुणी विकत घेतलेला नाही, आणि तो नाही असा फोनही नाही.

आणि साहेब? त्यांनी आपल्या माणसांकडून गेममधलं मंगळवारचं कुलूप तोडून घेतलं आणि मंगळवारी इथेच, या वाळूवर, आम्हाला खिजवायला मासे धरत उभे राहिले. फोनमधून पाणी आलं! आधी बूट, मग गुडघे, मग टाय. खिशात बांगडा फडफडतोय, वरून एफुआचं वादळ, "कुणी करपवले रे?" साहेब ओरडतात, "नकोत मला मंगळवारचे मासे!" ऐकीव नाही सांगत. मी तेव्हा समोरच होडीत होतो, भर समुद्रात जाळं टाकून—

"खोटं!" भट्टीकडून एफुआ कडाडली. "मंगळवारी पाण्यात होडी घातली असतीत ना, तर कोळ्यांच्या मुखियाने दंडाचा मेंढा नेला असता. आपला मेंढा तर तुमच्या मागेच उभा आहे, जाळं खातोय!"