कोरडा डबा

माझ्या सासऱ्यांना झाडांचं वेड आहे, पण गुलाब-मोगरा त्यांच्या खिजगणतीतही नाहीत. त्यांना हवीत इथल्याच मातीत आपसूक उगवणारी झाडं. सासूबाई त्या झाडांना त्यांच्या तोंडावर "गवत" म्हणतात. गच्ची रंगाच्या रिकाम्या डब्यांनी भरली आहे आणि इमारतीत एकही घर त्यांच्या रोपांच्या तावडीतून सुटलेलं नाही.

सगळ्यांत लाडका डबा रानकंदाचा. तो कंद ज्या टेकडीवरून आणला ती रस्त्यासाठी कापली गेली. आता तो फक्त आमच्याकडे, आणि खालच्या शिंप्याकडे. कंदाला फुटलेलं एक पिल्लू सासऱ्यांनी डब्यात लावून त्याच्या गळ्यात मारलं होतं. पानं झडली की हा कंद कित्येक महिने मातीत झोपतो. तेव्हा त्याला पाणी घातलं की तो कुजतो. सासऱ्यांनी हे सगळ्यांना सांगितलं होतं, पण त्यांचं झाडांवरचं बोलणं कोण मनावर घेतं!

नेमका कंद झोपलेला असतानाच त्यांना न्यूमोनिया झाला. ते दवाखान्यात गेले, तशा कधी गच्चीवर न फिरकणाऱ्या सासूबाई गुडघे धरत रोज जिना चढू लागल्या. लाडक्या डब्याला पाणी जरा जास्तच. शेजारणीही कपडे वाळत घालायला आल्या की तांब्याभर ओतून जात. माझ्या ध्यानात आलं तोवर मातीचा चिखल झाला होता. मी तोंड उघडणार, तोच सासूबाई म्हणाल्या, "ह्यांना सांग, तुमचा डबा मी एक दिवस कोरडा राहू दिला नाही." माझ्यासारख्या फटकळ बाईलाही पुढे बोलवेना.

घरी आल्यावर सासरे आधी गच्चीवर गेले. मातीत बोट घालून त्यांनी हुंगलं. घाण वास मलाही आला. सासूबाई शेजारीच उभ्या होत्या.

"छान सांभाळलंस हो," ते म्हणाले. त्या दुपारी ते जेवले नाहीत.

शिंप्याला मी आळशी म्हणून कायम नावं ठेवते. त्यानं आपला डबा शिलाई मशीनखाली सरकवला होता आणि तो साफ विसरला होता. मोसम बदलला तसा त्यातून हिरवा कोंब वर आला. सासऱ्यांनी त्याच्याकडून तो मागून आणला आणि सासूबाई आंघोळीला गेलेल्या असताना मातीसकट आमच्या डब्यात बसवला.

"माझ्या पाण्यानं आला!" सासूबाईंनी इमारतभर सांगितलं. सासरे मान डोलावत राहिले. मला दोघांचा राग आला आणि दोघांची मायाही वाटली.

पुढे पानं झडली. मी गच्चीवर गेले, तर त्या डब्यावर जुनी परात उपडी घातलेली आणि वर वीट.

"कुणी पाणी घालू नये म्हणून," मागून सासूबाई म्हणाल्या.

"आई, तुम्हाला कधी कळलं?"

"कोंब आला तेव्हाच. मातीत शिंप्याचे दोरे होते." त्यांनी वीट नीट सरकवली. "ह्यांच्याकडे बोलू नकोस. मला कळलं नाही म्हणून केवढे खूश आहेत ते."