गौरीच्या डाव्या हातातला ग्लोव्ह

मित्रांनो, मी एक जुना बॉक्सिंगचा ग्लोव्ह आहे, डाव्या हाताचा. कारखान्यातून धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीच्या व्यायामशाळेत आलो तेव्हा लालभडक होतो. मला घालून पोरांनी पदकं आणली, फोटो काढले. मग नवे, मोठे ग्लोव्ह आले आणि मी जोडीदारासह पत्र्याच्या पेटीत जाऊन पडलो. उंदरांनी माझी शिलाई कुरतडली.

मला बाहेर काढलं गौरीनं. व्यायामशाळेत आलेली ती पहिलीच मुलगी. नवे ग्लोव्ह तिच्या हातात ढिले पडत. तिनं दाभणानं मला शिवलं आणि सराव सुरू केला.

तिचे वडील बुद्धघोष यांनी अट घातली होती, "एकच लढत. तोंड फुटलं तर बंद."

धाराशिवला ती लढत झाली. समोरची मुलगी उंच, सरावलेली. पहिलाच ठोसा गौरीच्या ओठावर बसला. तिचा डावा हात खाली पडला. ती मला वर उचलेचना! ठोशामागून ठोसे येत राहिले. पहिली फेरी संपल्याची घंटा वाजली तेव्हा तिच्या हनुवटीवर रक्त होतं.

बुद्धघोष धावत आले. "सर, बास झालं. काढा ते हातातलं," ते प्रशिक्षक बसवराज सरांना म्हणाले आणि त्यांनी स्वतःच माझा पट्टा ओढला. चर्रर्र आवाज झाला. मी सुटलोच होतो.

गौरीनं मला छातीशी घट्ट धरलं. "पप्पा, थांबा! आजवर मला कुणी खरं मारलंच न्हाय. पोरगी म्हणून समदे हळू मारायचे. आज कळलं कसं लागतंय ते. आता लढू द्या मला."

पंच दुसऱ्या फेरीसाठी बोलावत होते. बुद्धघोषांनी लेकीच्या तोंडाकडं पाहिलं आणि पट्टा पुन्हा आवळला.

गौरी पुन्हा उभी राहिली. या वेळी तिनं मला खाली पडू दिलं नाही. शेवटी शेवटी तर समोरची मुलगी मागं सरकत होती. तरी गौरी गुणांवर हरली.

बुद्धघोष सरांना एवढंच म्हणाले, "उद्यापासून पोरांना सांगा, हात आखडता घेऊ नका."

मित्रांनो, आता माझं कातडं फाटलंय. सराव झाला की आम्हाला वाऱ्यावर ठेवा, घाम सुकू द्या. आणि रिंगणात नवी मुलगी आली, तर तिला खोट्या मारानं जपू नका.