गिरणीच्या दारातली मेझुझा

मित्रांनो, मी एक मेझुझा आहे. जुनी म्हणवून घ्यावे इतके वय नाही, पण कुरकुर मात्र जुनी आहे. ज्यू माणसांच्या दारात, चौकटीच्या उजव्या बाजूला, बोटभर लांबीची पितळी नळी दिसते ना, तीच मी. माझ्या पोटात चामड्याची गुंडाळी आहे आणि तिच्यावर हाताने लिहिलेली हिब्रू वचने आहेत.

आम्ही दोघी बहिणी. एकाच हाताने लिहिलेल्या, रूबेनशेठनी एकाच दिवशी आणलेल्या. ती लागली त्यांच्या वाशिंदच्या घराला, मी आटगावच्या भातगिरणीला. तिला बसवताना ठाण्याच्या सिनेगॉगमधल्या सॅमसनकाकांनी बेराखा, म्हणजे आशीर्वादाची प्रार्थना, खड्या आवाजात म्हटली. मग सगळे गिरणीवर आले. मी कान टवकारून बसले होते.

काका म्हणाले, "रूबेन, इथं रात्री कोणी राहत नाही. नुसत्या कामाच्या जागेला मेझुझा लागतेच का, यावर जाणत्यांचं एकमत नाही. लाव, पण बेराखा म्हणू नको. देवाचं नाव उगाच घ्यायचं नसतं."

दोन खिळे ठोकले, संपले. ज्याचे जळते त्यालाच कळते, मित्रांनो. साडेतीन वर्षे माझा जीव त्या घरच्या चौकटीत अडकला होता. तिला पुसत असतील, तिच्यापुढे सणाचा दिवा लागत असेल, आणि माझ्या अंगावर कोंड्याचा थर!

डोंगराच्या पाड्यावरून बारकी नावाची बाई भाताचे पोते घेऊन येई. पहिल्याच दिवशी तिने विचारले होते, "शेठ, ह्यो कोन देव?"

"देव नाय गो बारके. देवाचं नाव हाय आत."

"मंग तेच झालं," म्हणून तिने टाचा उंचावून मला हात लावला. पुढे दर खेपेला ती तसाच हात ठेवून काहीतरी पुटपुटे. मी कधी ऐकले नाही. मला तिच्या हाताची धूळ तेवढी दिसे.

सात वर्षांत दोनदा गुंडाळी उघडून तपासायची असते. काकांनी वाशिंदच्या घरी दोघींना उघडले. बहिणीच्या पोटात ओल शिरून एक अक्षर उडाले होते. एक अक्षर गेले की सगळी गुंडाळी बाद. मला आनंद झाला. लाज वाटते, पण झाला.

"घराला सूट नाही," काका म्हणाले. "गिरणीतली इथं लावा. तिकडचं सवडीनं बघू."

अखेर माझ्यावर बेराखा झाली! मी तृप्त झाले. मग कळले, बहिणीला कोणी पुसत नव्हते. येता-जाता मेझुझाला हात लावून तो ओठांना टेकवायची रीत; पण शेठ कानाला मोबाइल लावून तसेच आत जातात. शेठाणींचे दोन्ही हात पिशव्यांत अडकलेले असतात.

परवा शेठ दारातच त्यांना सांगत होते, "आज बारकी आली होती. रिकाम्या चौकटीवर हात ठेवून बोलत होती, 'पोरीसाठी तुला सांगून ठेवलं व्हतं. बाळंत झाली बघ. दोघं खुशाल हाईत.' मी म्हटलं, अगं, तिथं काय नाय आता. तर म्हणते, नसू दे, येऊन सांगीन असं मी कबूल केलेलं."

म्हणजे तिने ते मला सांगून ठेवले होते, आणि माझे लक्ष वाशिंदला होते.

मित्रांनो, तुमच्या अंगावर कोणी धुळीचा हात ठेवला, तर तो काय म्हणतो ते ऐका. मला आता बहिणीचा हेवा वाटत नाही. गिरणीच्या चौकटीत माझ्या खिळ्यांची दोन भोके राहिली आहेत, त्यांचा वाटतो.