निरोप समारंभाचे फोटो

हेडक्लार्क ताडमाड उंच. बायको नव्या छोट्या कॅमेऱ्यावर हात बसवत होती, तेव्हा तिच्या प्रत्येक फोटोत त्यांचं डोकं कापलं जायचं. चारचौघांत ते खिदळायचे, "हिला बटण दाबायचीसुद्धा अक्कल नाही."

तिने रोज दुपारी खिडकीतल्या कुंडीवर सराव केला. बटण अर्धं दाबून पडद्यावरची चौकट हिरवी होईपर्यंत श्वास रोखायला शिकली.

त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी फोटोग्राफर आयत्या वेळी आलाच नाही, म्हणून कॅमेरा तिच्या हाती आला.

घरी त्यांनी एकूण एक फोटो पाहिले. बुटके साहेब लख्ख. शिपायाचे तर दात मोजून घ्यावेत. ते स्वतः मात्र प्रत्येक फोटोत टायच्या गाठीशी संपलेले.

"मला मेलीला कुठली अक्कल," म्हणत ती चहा टाकायला उठली.